दत्ताच्या आरतीतला आपला चाळीसगावकर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्ताची आरती आपल्याला पाठ आहे. कधी पाठ केली ते कुणालाच सांगता येणार नाही. आईच्या कडेवर असताना टाळ्या वाजवल्या, मग ओठ हलवले, मग कधीतरी शब्द आले. साठी-सत्तरी उलटली तरी आपण ती त्याच वेगाने, त्याच चालीत म्हणतो. पण एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर? मला गेल्या वर्षी विचारला गेला आणि माझी पंचाईत झाली.

गुरुवारची आरती घरी आटोपली होती. सहावीतली नात म्हणाली, "आजोबा, बोळवण म्हणजे काय हो? शेवटी म्हणतो ना आपण?" मी चष्मा पुसला. म्हटलं, "म्हणजे... नाहीसं होणं." तिचं समाधान झालं नाही. तेवढ्यात आतून हिची हाक आली, "अवं, आखाजीले तुनी आत्या येस ना? मंग तिनी ओटी भरीसन आपन तिले वाटे लावतस. तीच बोयवन!"

माझ्यापेक्षा चौथी शिकलेल्या बायकोला आरती जास्त कळली होती. त्या रात्री ठरवलं की ही आरती एकदा नीट, शब्दाशब्दाने वाचायची. जे हाती लागलं ते या दत्तजयंतीच्या अंकात आपल्यापुढे ठेवतो. मी विद्वान नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

आरती कुणाची?

ही आरती पैठणच्या एकनाथ महाराजांची. कशावरून? शेवटच्या ओळीत त्यांची सही आहे : 'एका जनार्दनी'. संतांच्या रचनेत शेवटी येणाऱ्या अशा नावाला मुद्रा किंवा नाममुद्रा म्हणतात. यातला 'एका' म्हणजे एकनाथ आणि 'जनार्दन' म्हणजे त्यांचे सद्गुरू जनार्दनस्वामी.

हे जनार्दनस्वामी आपल्या चाळीसगावचे. देशपांडे घराण्यात त्यांचा जन्म झाला. परंपरेने साल सांगतात शके १४२६, म्हणजे इ. स. १५०४. पुढे ते देवगिरी किल्ल्यावर अधिकारी झाले. त्या वेळी तो किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीत होता. आपल्या गावाहून औट्रम घाट चढायचा, कन्नड मागे टाकायचं, वेरूळ आणि खुलताबाद ओलांडलं की दौलताबाद, तीच देवगिरी. आज एसटीने आपण सकाळी निघून दुपारी पोचतो. त्याच दिशेने आपल्या गावचा एक मुलगा गेला, किल्ल्याचा कारभार पाहता पाहता दत्तभक्त झाला आणि पैठणहून गुरूच्या शोधात आलेल्या कोवळ्या एकनाथाला त्याने पदरात घेतलं.

जिथे जिथे ही आरती होते, वाडीला, औदुंबरला, गाणगापूरला, मुंबईच्या चाळीत, तिथे तिथे शेवटी चाळीसगावच्या माणसाचं नाव घेतलं जातं. आणि आपण चाळीसगावकर नेमके त्याच ओळीला प्रसादाच्या ताटाकडे बघत असतो!

आधी शब्द, मग अर्थ

आरत्यांमधले शब्द बिघडतात, त्यात कुणाचा दोष नाही. ऐकून ऐकून पाठ केलं की असंच होतं. गणपतीच्या आरतीत देवाने सापाचा कमरपट्टा बांधलाय असं वर्णन आहे; आपल्यातले निम्मे लोक लहानपणी त्याला लाकडी फळीवर बसवून नमस्कार करत होते. देव रागावला नाही. पण अर्थ गेला तो गेलाच.

योगायोग असा की शब्द बिघडल्याचं सगळ्यांत जास्त दुःख कुणाला झालं असेल तर ते याच आरतीच्या कर्त्याला. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत लोकांनी अपपाठ शिरवले होते. नाथांनी प्रती जुळवून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ ला, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. आणि शेवटी बजावून ठेवलं की यात पुन्हा कुणी पदरची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल.

त्यांच्या शिष्यपणीची गोष्ट आपल्याला माहीत आहेच. देवगिरीवर हिशेब लिहिताना एक पै चुकली. एकनाथ रात्रभर समईपुढे बसले. चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. जनार्दनस्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची मोठी चूक सापडली तर केवढा होईल! आपणही आरतीतल्या पै-पैच्या चुका शोधू. त्यातून मोठी चूक सापडली तर सापडली.

पहिले कडवे : जाण, पण जाणता येणार नाही

आरतीच्या पहिल्याच ओळीत आपल्याला एक आज्ञा आहे. पूजा कर, वाती लाव, नैवेद्य ठेव, असं ती सांगत नाही. ती म्हणते 'जाण', ओळखून घे. काय जाणायचं? तर दत्त हा तीन गुणांचा आहे. सत्त्व, रज आणि तम. मूर्तीची तीन तोंडं मोजून आपण थांबतो : ब्रह्मा, विष्णू, महेश. पण हे तीन गुण आपल्या घरातही आहेत. पहाटे देवापुढे बसतो ते सत्त्व. दुपारी बाजार समितीत भावासाठी घासाघीस करतो तो रज. जेवून आडवे पडलो की घेरतो तो तम. या तिन्हींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, हे जाणायचं.

एवढं सांगून नाथ लगेच पुढची गंमत करतात. वेद त्याचं वर्णन करायला गेले आणि 'हे नव्हे, हे नव्हे' म्हणत थांबले. इथे येणारा 'अनुमान' हा शब्द आपण घाईने गिळतो. अनुमान म्हणजे अंदाज, तर्क. धूर दिसला की तिथे विस्तव असणार, हे अनुमान. देव असा धुरावरून ओळखता येत नाही. मोठमोठे मुनी, योगी ध्यान लावून बसले तरी त्यांच्या ध्यानात तो येत नाही.

म्हणजे पहिल्या ओळीत 'जाण' म्हणून सांगायचं आणि पुढे म्हणायचं की जाणणाऱ्यांनी हात टेकले! ही अडचण मुद्दाम उभी केलेली आहे. तिचं उत्तर तिसऱ्या कडव्यात आहे.

दुसरे कडवे : आत-बाहेर तोच

इथे नाथ सांगतात की दत्त आतही आहे आणि बाहेरही तोच आहे. मग दिसत का नाही? अभागी माणसाला ही 'मात' कळत नाही. हा शब्द नीट बघा. मात म्हणजे बुद्धिबळातली हार नव्हे. जुन्या मराठीत मात म्हणजे गोष्ट, वार्ता. जवळच असलेल्या देवाची ही गोष्ट अभाग्याला उमगत नाही, इतकाच अर्थ. आणि अभागी म्हणजे गरीब नव्हे हो. ज्याच्या घरात विहीर आहे आणि तो दारोदार पाणी मागतो, तो अभागी.

दुसरा अडखळवणारा शब्द 'परा'. आपल्या शास्त्रात वाणी चार सांगितल्या. ओठांवर येते ती वैखरी. गळ्यात घोळते ती मध्यमा. हृदयात उमटते ती पश्यंती. आणि या सगळ्यांच्या आधी, अगदी नाभीशी, जिथे अजून शब्दही झालेला नसतो, ती परा. बोलण्याचं हे सगळ्यांत खोल मूळ. नाथ म्हणतात, तीसुद्धा दत्तापर्यंत जाऊन परत फिरली. मग आपल्या वरवरच्या बोलण्याचं काय चालणार?

आमच्या गल्लीत एक म्हातारी आजी आहे. मी तिला विचारलं, "आजी, आरतीचा अर्थ समजतो का?" ती म्हणाली, "माले काहीच समजत नही भाऊ, पन म्हनं का बरं वाटस." मला वाटतं तिचं उत्तर पश्यंतीतलं आहे. शब्द नाही, पण आत काहीतरी उमटलंय. अर्थ शोधताना या आजीला कमी लेखायचं नाही, हेही मला इथेच कळलं.

तिसरे कडवे : तो स्वतः आला

आता उत्तर. दोन कडवी 'कळत नाही, कळत नाही' म्हटल्यावर तिसऱ्यात एकदम दत्त समोर येऊन उभा राहतो. भक्त त्याच्याकडे गेला असं नाही, तोच आला. आपण पोचू शकत नाही, म्हणून तो येतो. यालाच कृपा म्हणतात.

ही कल्पना नव्हे, नाथांच्या चरित्रातला अनुभव आहे अशी आपल्या परंपरेची श्रद्धा. महिपतीबुवांच्या संतचरित्रांमुळे ही कथा घराघरांत गेली. जनार्दनस्वामींच्या भेटीला दत्तप्रभू आले ते मलंग फकिराच्या वेषात, बरोबर कुत्री. एकनाथांना आधी ओळख पटली नाही, भय वाटलं. तीन शिरं, सहा हात, मागे गाय अशी मूर्ती मनात धरून बसलं की दारी आलेला फकीर कसा ओळखणार? पुढे गुरूंनी सांगितल्याप्रमाणे नाथांनी खुलताबादजवळ शूलीभंजनच्या डोंगरावर साधना केली. तिथे आज दत्ताचं स्थान आहे. आपल्याकडची मंडळी वेरूळला जातात तेव्हा तिथेही जातात.

दत्त आला, तेव्हा भक्ताने काय केलं? साष्टांग नमस्कार. छाती, डोकं, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे, ही आठ अंगं. आपल्या वयाला गुडघे वाकत नाहीत, म्हणून आपण ओशाळतो. पण नाथांनी साष्टांगाच्या आधी 'सद्भाव' हा शब्द ठेवला आहे. भाव चांगला असला तर खुर्चीत बसून केलेला नमस्कारही पोचतो. आणि भाव नसला तर लोटांगण घालूनही नुसती धूळ लागते.

मग देव प्रसन्न झाला आणि जन्ममरणाचा फेरा चुकला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या आख्ख्या आरतीत मागणं नाही! टेंब्येस्वामींची करुणात्रिपदी आठवा. तिथे भक्त कळवळून विनवणी करतो, आणि ती विनवणीही आपल्याला हवीच असते. पण नाथांच्या आरतीत 'दे' नाही, 'पाव' नाही. ध्रुवपदातसुद्धा ओवाळताना संसाराची काळजी गेली असं सांगितलंय, जाऊ दे असं म्हटलेलं नाही. भेट झाल्यानंतरची ही आरती आहे. झालेल्या गोष्टीचा आनंद आहे.

चौथे कडवे : बोळवण

दत्ताचं नाव घेता घेता ध्यान लागलं. मन हरपलं आणि 'उन्मन' झालं. उन्मन म्हणजे उदास नव्हे. मनाच्या वर गेलेली, संकल्प-विकल्प थांबलेली अवस्था. आणि मग मी-तूपणाची बोळवण झाली.

आता हिच्या उत्तराकडे येतो. खान्देशात आखाजीचं महत्त्व दिवाळीइतकं. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सण झाला की आई ओटी भरते, डबा बांधून देते, वेशीपर्यंत पोचवायला जाते. ही बोळवण. श्रावणात कानबाईचीही आपण अशीच वाजतगाजत बोळवण करतो. बोळवण म्हणजे हाकलून देणं नव्हे. मान राखून, गोडीने निरोप देणं.

नाथांना 'नाश' म्हणता आलं असतं, 'वध' म्हणता आलं असतं. ते म्हणाले बोळवण. मला याचा असा अर्थ लागतो : हा 'मी' काही शत्रू नाही. या 'मी'नेच संसार केला, शेत राखलं, मुलं मोठी केली. त्याच्याशी भांडलं की तो आणखी फुगतो. त्याचं काम संपलं की त्याला हळूच ओटी भरून वाटेला लावायचं. आपल्या वयाला हे जास्त कळावं.

आणि शेवटी सही. 'एका जनार्दनी' याचा अर्थ एकनाथ म्हणतो एवढाच नाही. 'जनार्दनी' म्हणजे जनार्दनाच्या ठायी. जनार्दनात मिळून गेलेला एका. सगळे कवी स्वतःचं नाव घालतात. नाथांनी स्वतःच्या नावाला गुरूचं नाव असं जोडलं की दोन्ही नावं वेगळी काढता येत नाहीत. आधीच्या ओळीत मी आणि तू यांची बोळवण झाली असं सांगितलं, आणि पुढच्या ओळीत ती सहीमध्ये करून दाखवली! ही सही म्हणजे नुसता पत्ता नाही, चौथ्या कडव्याचा अर्थच तो आहे.

नाथांनी आपल्या भागवतातही हे गुरुऋण मांडलं आहे. अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा नवव्या अध्यायात संपते, तिथे ते दत्तात्रेयांची शिष्यपरंपरा सांगतात : सहस्रार्जुन, यदू आणि मग थेट कलियुगातले जनार्दन. दोन पुराणातले राजे, आणि तिसरा आपल्या गावचा देशपांडे!

आणि माझी पै

इथपर्यंतचा अर्थ लिहून झाला तेव्हा वहीच बंद करावीशी वाटली, कारण एक गोष्ट टोचत होती. ती लिहिल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

मी आणि माझा धाकटा भाऊ, आमच्या वाटणीत विहीर सामाईक. चार वर्षांपूर्वी कपाशीला पाणी देण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली आणि बोलणं बंद पडलं. दोघंही दर गुरुवारी त्याच मंदिरात. तो खांबाच्या पलीकडे, मी अलीकडे. चार वर्षं, दर गुरुवारी, आम्ही दोघं एका सुरात म्हणत होतो की मी-तूपणाची बोळवण झाली! आणि बाहेर येऊन दोन दिशांना चपला घालत होतो. हिशेबाच्या वहीतली चुकलेली पै ती हीच.

मागच्या दत्तजयंतीला जन्मसोहळा झाला. पुजाऱ्यांनी आरतीचं ताट माझ्या हाती दिलं, वयाचा मान म्हणून. दुसरं कडवं संपलं आणि मी सरकत सरकत खांबापलीकडे गेलो. ताट भावापुढे धरलं. म्हटलं, "धर रे, माझा हात दुखतोय." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पण ताट घेतलं. उरलेली दोन कडवी त्याने ओवाळली. शेवटची ओळ मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हटली.

लगेच गळ्यात गळे पडले असं काही झालं नाही. खोटं कशाला सांगू? पाच-सहा दिवसांनी मळ्यात तो बांधावरूनच म्हणाला, "दादा, उद्याची पाळी तू घे. मना इकडे ओल शे." एवढंच. विहिरीचा कागद अजून तसाच आहे. पण आता त्याच्या घरचे कोंबडीची पिल्लं शोधत आमच्या अंगणात येतात.

या दत्तजयंतीला एवढे करू

मार्गशीर्ष पौर्णिमा आली. मंदिरात गर्दी होईल, सुंठवडा वाटला जाईल. माझी वडीलधाऱ्यांना विनंती आहे. सप्ताहाच्या एका संध्याकाळी पाच-दहा मिनिटं काढा, आरतीचा शुद्ध पाठ कागदावर घ्या आणि नातवंडांना जवळ बसवून एक एक शब्द विचारा. त्यांना नाही आला तर आपण सांगू. आपल्याला नाही आला तर एकत्र शोधू. शेवटचं कडवं संथ म्हणू. टाळ-झांजांनी घाई करायची ती पहिल्या कडव्यात करावी.

पुढे फाल्गुन वद्य षष्ठी येईल. पैठणला नाथषष्ठीचा सोहळा होतो. परंपरा सांगते की जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेलं दत्तदर्शन, त्यांची समाधी, एकनाथांची आणि त्यांची भेट, आणि शके १५२१ मधलं नाथांचं निर्याण, ही पाचही पर्वं याच तिथीची. त्या दिवशी ज्यांना पैठणला जाणं जमत नाही, त्यांनी आपल्या मंदिरात ही आरती म्हणावी, आणि शेवटच्या ओळीत आपल्या गावच्या माणसाचं नाव आलं की क्षणभर थांबून हात जोडावेत.

आणि शेजारी कुणी असा उभा असेल की ज्याच्याशी आपलं बोलणं नाही, तर आरतीचं ताट त्याच्या हातात द्यावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥